बाग नसलेल्या घरातही ओला कचरा जिरतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओला कचरा घरच्या घरी जिरवावा, असे आवाहन पुणे महापालिका गेली अनेक वर्षे करीत आहे आणि त्यावर फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : आमच्याकडे बाग नाही, मग खत करून घालायचे कुठे? घोडे पेंड खाते ते इथेच. खत करणे हा झाडे लावणाऱ्यांचा छंद आहे, असे आपण धरून चाललो आहोत. वास्तविक खत ही या कामातून हाती येणारी जास्तीची वस्तू आहे. आपल्या स्वयंपाकघरातली घाण दुसऱ्याच्या गावाच्या माथी न मारणे हे मूळ काम आहे आणि त्यासाठी बाग असण्याची अट नाही.

कोथरूडच्या जुन्या रहिवाशांना इथल्या कचरा डेपोची दुर्गंधी अजून आठवत असेल. शहर वाढले, डेपोला वस्तीने वेढले, तेव्हा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे जाऊ लागला. आमच्या जुन्या डेपोच्या जागेवर आज मेट्रोचा डेपो उभा आहे. त्या दोन गावांच्या वाट्याला मात्र कचऱ्याचे डोंगर, नासलेल्या विहिरी आणि पाण्याचे टँकर आले. ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या की शहरात कचरा तुंबतो आणि आपण त्यांच्यावरच चिडतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. मुंबईत देवनारला 1927 पासून कचरा पडतो आहे आणि जानेवारी 2016 मधल्या आगीचा धूर आसपासच्या वस्त्यांनी कित्येक दिवस सोसला. अशा डोंगरांत खोलवर दबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, म्हणून तो कुजताना मिथेन तयार होतो. हा वायू पेट घेतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. त्याच कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी विहिरींपर्यंत पोहोचते. भाजीची तीच देठे घरात हवेशीर भांड्यात कुजली, तर मिथेन जवळजवळ होत नाही आणि काळे पाणीही साठत नाही.

मी तिसऱ्या मजल्यावर राहते. कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी आहे आणि तिच्या एका कोपऱ्यात झाकणाच्या तीन बादल्या मावतात. चौघांच्या घरातून रोज पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो, पण त्यात बहुतांश पाणीच असते, त्यामुळे भरलेली बादली चार-सहा दिवसांत खाली बसते आणि शेवटी मूळ वजनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकेच खत उरते. बादलीला चहूबाजूंनी आणि तळाला भोके पाडावीत, खाली ताटली ठेवावी, तळाशी नारळाच्या शेंड्यांचा थर द्यावा. साली, देठे, चहाचा चोथा, निर्माल्य बारीक चिरून टाकावे आणि प्रत्येक वेळी त्यावर तेवढाच किंवा थोडा अधिक सुका पालापाचोळा चुरून पसरावा. सुरुवातीला विरजण म्हणून तयार खताच्या दोन मुठी किंवा थोडे आंबट ताक पुरते. बाजारातले कल्चर, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंचे तयार विरजण, घेतले तरी चालते, पण त्यावाचून काही अडत नाही. एक बादली भरली की ती दीड-दोन महिने बाजूला ठेवायची, अधूनमधून हलवायची आणि तोवर दुसरी भरायची.

वास येतो, अळ्या होतात, ही तक्रार मी सोसायटीच्या सभांमध्ये अनेकदा ऐकली आहे आणि ती खोटी नाही. मात्र तिचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते : ओले जास्त आणि सुके कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या (नायट्रोजनच्या) पंचवीस-तीस पट कर्ब (कार्बन) लागतो. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात कर्बाचे प्रमाण त्याहून बरेच कमी असते आणि ती तूट वाळलेली पाने भरून काढतात. शिवाय पानांमुळे थरांमध्ये हवा खेळती राहते. ओल किती असावी, हे हातानेच कळते. बादलीतला मूठभर ऐवज घट्ट आवळावा; बोटांतून पाणी गळले तर पाने वाढवावीत, मूठ सोडताच सगळे भुरभुर पडले तर पाण्याचा हबका मारावा, आणि गोळा जेमतेम टिकून बोटाच्या टिचकीने फुटला तर समजावे की काम नीट चालले आहे. अशा बादलीचे झाकण काढल्यावर नाक मुरडावे लागत नाही आणि आत हात घातला तर कोमट लागते. पावसाळ्यात कधी तपकिरी, जाडसर अळ्या दिसतात. त्या बहुधा काळ्या सोल्जर माशीच्या असतात. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर घोंघावत नाही आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने फस्त करतात. नको वाटल्यास पानांचा जाड थर द्यावा, की त्या कमी होतात. हाडे, तेलकट रस्सा आणि मीठमसाल्याचे उरलेले अन्न फ्लॅटमधल्या बादलीत घालू नये. आंब्याच्या कोयी आणि करवंट्याही बाजूला ठेवाव्यात, कारण त्या कुजायला फार काळ घेतात.

या साऱ्याचे मर्म पालापाचोळ्यात आहे आणि त्याचेच आपण सर्वांत जास्त वाटोळे करतो. पुण्यात पानगळीच्या दिवसांत, म्हणजे साधारण जानेवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत, रस्त्यारस्त्यांवर पानांचे ढीग लागतात आणि सकाळच्या वेळी त्यांतले कित्येक पेटवले जातात. उघड्यावर कचरा जाळल्यास 5 हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25 हजार रुपये दंड करावा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये दिला होता; तरीही धूर थांबलेला नाही. एकीकडे फ्लॅटमधली माणसे बादलीत घालायला विकतचे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घेतात आणि खाली रस्त्यावर त्याहून सरस वस्तू जळते, हे पाहवत नाही. आपल्याच शहरात ‘ब्राऊन लीफ’ या उपक्रमाने पाने देणारे आणि घेणारे यांची गाठ घालून दिली आहे, त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. पावसाळ्यात कोरडे पान मिळत नाही, म्हणून मार्चमध्येच दोन गोण्या भरून ठेवल्या तर वर्षभराची बेगमी होते.

आता तयार खत घालायचे कुठे, हा प्रश्न. खिडकीतल्या तुळशीला, कढीपत्त्याला आणि चार कुंड्यांना त्यातले थोडेच लागते. उरलेले मी चाळून इमारतीसमोरच्या रस्त्याकडेच्या झाडांच्या आळ्यांत घालते. कोणी गच्चीवर भाजी करतो, कोणाचे गावाकडे शेत असते. नीट मुरलेले, मातीचा वास येणारे खत नको म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. घरात ओला कचरा जिरला की सुका कचराही स्वच्छ राहतो, ही बाब मला तितकीच महत्त्वाची वाटते. ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक भगिनी दारोदार येतात आणि पुठ्ठा, प्लास्टिक, काच निवडून विकतात. आमटीत भिजलेला कागद विकला जात नाही आणि तो हाताळणाऱ्या हातांना जे भोगावे लागते, ते आपण दार लावल्यावर विसरतो. त्यांचे मासिक शुल्क घरामागे असते, वजनामागे नव्हे, त्यामुळे ओला कचरा दिला नाही म्हणून ते बुडत नाही. अर्थात, घरी खत होते या सबबीवर ते देणे कोणी थांबवू नये.

नागरिकांनी करायचे ते करावेच, पण महापालिकेनेही काही गोष्टी मनावर घ्याव्यात. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी 5 हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा आपल्या आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. गांडूळखताचा प्रकल्प चालवणाऱ्यांना मिळकतकरात 5 टक्के सवलतही मिळते. प्रत्यक्षात अनेक सोसायट्यांमधले गांडूळखताचे खड्डे सिमेंटचा कठडा आणि आत वाळलेले गवत एवढ्यावर येऊन थांबले आहेत. सवलत चालू ठेवण्यापूर्वी कोणी खड्ड्यात डोकावून पाहावे, एवढी अपेक्षा गैर नाही. दुसरी विनंती अशी, की झाडणकाम करणाऱ्यांकडून पाने जाळून न घेता ती गोण्यांत भरून प्रत्येक प्रभागातल्या एका उद्यानाच्या दाराशी ठेवावीत, ज्याला हवी त्याने न्यावीत, आणि त्याच दाराशी नागरिकांकडचे जास्तीचे खत स्वीकारून ते उद्यानातल्या झाडांना घालावे. याला नवे यंत्र लागत नाही की निविदा काढावी लागत नाही. माळी, उद्यान आणि पाने तिन्ही आहेत. पानगळ अजून एप्रिलपर्यंत चालेल, म्हणजे एखाद-दोन प्रभागांत हे याच हंगामात करून पाहता येईल. आमच्या इमारतीतली काही घरे गोण्या न्यायला आणि खत आणून द्यायला तयार आहेत.

आपली,
एक वाचक,
कोथरूड, पुणे