स्कोप घेताना आधी रेटिकल तपासा

मा. संपादक,

पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्यानंतर घाटाखालीही नेमबाजीबद्दल कुतूहल वाढलं असेल, तर आनंदच आहे. पण रायफलीचा विचार दहादा करणारे लोक स्पॉटिंग स्कोप (टार्गेटवरचं भोक बघायची दुर्बीण) मात्र नुसता ‘साठ एक्स’चा, म्हणजे साठ पटीचा, आकडा बघून उचलतात. ५० मीटरवर ५.६ मिलिमीटरचं भोक वीस पटीतही दिसतं, तिथे हे खपून जातं. ३०० मीटरवर खपत नाही.

लांब पल्ल्यावर गोळी लागली की नाही एवढं कळून भागत नाही, किती सरकली हे मोजावं लागतं. त्यासाठी मोजपट्टीचं रेटिकल, म्हणजे स्कोपच्या आत दिसणाऱ्या मापाच्या रेघा. मिल हे कोनाचं माप, त्याचा हिशेब सोपा आहे: १०० मीटरवर १ मिल म्हणजे १० सेंटिमीटर, ३०० वर ३० सेंटिमीटर. मात्र रायफलीच्या दुर्बिणीचे क्लिक (नेम सरकवायच्या चकतीचे टप्पे) ज्या मापाचे, त्याच मापाचं रेटिकल घ्या. दुसरं माप एमओए, म्हणजे अंशाचा साठावा भाग; एक मिल म्हणजे सुमारे ३.४४ एमओए. स्कोपवाल्याने ‘०.६ मिल डावीकडे’ म्हणायचं आणि नेमबाजाने पाव एमओएचे आठ क्लिक मनात मोजायचे, यात कधीतरी चूक होतेच.

झूमचा स्कोप असेल तर पट कमी-जास्त केल्यावर माप तेच राहतं का, हे दुकानदाराला विचारू नका, स्वतः बघा. टेपने (पावलांनी नव्हे) १०० मीटर मोजा. तिथे बरोबर एक मीटर अंतरावर दोन खुणा करा. कमीत कमी पटीत आणि जास्तीत जास्त पटीतही त्या १० मिलवरच आल्या पाहिजेत. फक्त एकाच पटीत जुळत असतील, तर ती पट आयपीसवर (डोळ्याकडच्या भिंगावर) रंगाने खूण करून ठेवा. ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर पडताळणी आणखी सोपी: काळा गोल ६०० मिलिमीटरचा, म्हणजे नेमका २ मिल.

मोजण्याआधी आयपीस फिरवून रेघा स्वच्छ करा, मगच टार्गेट फोकस करा. उलट केलंत तर डोळा हलला की रेघही हलते. आणि रेटिकल उभं आहे ना? लांबवर गवंड्याचा ओळंबा टांगून उभी रेघ त्याच्याशी जुळवा. पाच अंशांचा कल असेल, तर तीन मिलच्या उंचीवर सुमारे पाव मिलची खोटी बाजूची चूक दिसते. ३०० मीटरवर ती जवळजवळ ८ सेंटिमीटर भरते, आणि आपण उगाच वाऱ्याला दोष देत बसतो.

साठ पटीचा मोह टाळावा असं आमचं स्पष्ट मत आहे. ६० मिलिमीटरच्या पुढच्या काचेतून साठ पट घेतलीत तर डोळ्याला मिळतो १ मिलिमीटरचा प्रकाशझोत. आभाळ भरलेल्या दिवशी चित्र काळवंडतं. दुपारी जांभ्याचा सडा तापला की हवा लहरते, तेव्हा पट वाढवल्याने भोक नव्हे, लहरच मोठी होते. वीस-तीस पटीवर या. त्या लहरीचा उपयोगही आहे: फोकस टार्गेटच्या किंचित अलीकडे आणलात की ती कुठल्या बाजूला वाहते ते दिसतं आणि वाऱ्याचा अंदाज येतो. पालथं पडून मारणाऱ्याला कोनात वाकवलेला आयपीस सोयीचा, मान मोडत नाही. ट्रायपॉड जड घ्या.

आता आपल्या हवेचं. नायट्रोजन भरलेला, सीलबंद स्कोप नसेल तर किनाऱ्यावर आतल्या काचेवर बुरशी धरते. ती कोटिंग खाते, पुसून जात नाही. चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. घट्ट डब्यात सिलिका जेल घाला, पावसाळ्यात ते वारंवार वाळवा. एसी गाडीतून काढल्यावर काच धुरकटते, ती पुसू नका, उघडा ठेवून स्कोप बाहेरच्या हवेला येऊ द्या. वाळू आधी ब्लोअरने उडवा, कापड नंतर. बुरशी वॉरंटीत धरतात का, हे मात्र पैसे देण्याआधीच लेखी घ्या.

आपले,
काही नेमबाज वाचक, रत्नागिरी