तुझा फॉर्म मी बाद केला

मुंबई, रविवार रात्र

प्रिय मंदार,

आधी कबुली. माझ्या प्रोजेक्टचा गुगल फॉर्म तू भरला होतास ना, तो मी बाद केला. रागावू नकोस. नोकरी तुझी नाशिकला बँकेत आणि व्यवसायापुढे टिक केलंस ‘कर सल्लागार’! दोष माझाच म्हणा. ‘भरा रे, दोन मिनिटं लागतात’ म्हणत ग्रुपवर सगळ्यांच्या मागे मीच लागलो होतो. मॅडमनी उत्तरं चाळली आणि एवढंच विचारलं, “यातले खरोखर जीएसटी भरणारे किती?” मी गप्प.

विषय तुला माहीत आहे: छोट्या हिशेबनिसांची रिटर्नं दर महिन्याला शेवटच्या दिवसापर्यंत का रखडतात. ११ तारखेला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचा तपशील, २० ला ३बी म्हणजे कर भरायचं रिटर्न. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, कर थकला तर वर १८ टक्के व्याज. फॉर्मवरून उत्तर झकास निघत होतं, ‘पोर्टल स्लो’. मी पाय चार्टसुद्धा रंगवून ठेवला होता.

तेव्हा आम्ही सगळे ३८४ च्या आकड्याने पछाडलेलो. ९५ टक्के कॉन्फिडन्स, ५ टक्के चूक असं सूत्रात घातलं की ३८४ येतात. तेवढे फॉर्म जमले की सुटलो. मॅडम म्हणाल्या, ते सूत्र रँडम निवडलेल्या माणसांसाठी आहे, तुझ्या चुलतभावंडांसाठी नाही. मग १९३६ च्या अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीची गोष्ट सांगितली. एका साप्ताहिकाने अंदाज घ्यायला कोटीभर नमुना मतपत्रिका पाठवल्या, सुमारे २४ लाख परत आल्या, लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली! पत्ते फोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांमधून घेतलेले, आणि पत्रिका परत न पाठवणाऱ्यांचं मत तर कोणी धरलंच नव्हतं.

म्हणून कागदी फॉर्म घेऊन मशीद बंदरला गेलो. मुहूर्त बघ माझा, १९ तारीख! जिन्यातूनच परत पाठवलं. २३ ला पुन्हा गेलो. खाली हातगाड्यांची झुंबड, जिन्यात मिरी-वेलचीचा वास, वर पोटमाळ्यावर एक काका. पेन उचललं आणि एकापासून पाचापर्यंतच्या पर्यायांत खाली सरळ ३, ३, ३, ३ करत गेले. ‘पोर्टलचा त्रास होतो का’ याला मात्र ठसठशीत ५.

“काका, पार्टी वेळेवर बिलं देते का, यालाही तीनच?”

“देते पण, नाही पण देत. तीन.”

चहा आला. बोलता बोलता त्यांनी एक लांब लाल वही पुढे सरकवली. कोणत्या पार्टीची, म्हणजे गिऱ्हाईक व्यापाऱ्याची, बिलांची पिशवी कोणत्या तारखेला आली, सगळं पेन्सिलीने टिपलेलं. पान उलटावं तर १७, १८, १९, पुन्हा १८. एका पार्टीपुढे थेट २०, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘संध्याकाळी ६’. मी वर बघितलं.

“मग फॉर्ममध्ये पोर्टल का लिहिलंत?”

“पार्टीचं नाव कसं घेणार रे? पोट तिच्यावर. पोर्टल काय, भांडायला येत नाही.”

मंद्या, मी ट्रेनमध्ये अख्खा रस्ता तेच घोळवत होतो. माझे प्रश्न साफ होते, माणूसही खरा हिशेबनीस होता, तरी उत्तर खोटंच आलं असतं. तारखा मी उतरवून घेतल्या, नावांच्या जागी क, ख, ग. आता एका वहीवरून मुंबईभरचं काही बोलता येत नाही, हेही कळतं. आणखी चौघांना विचारलं; दोघांनी वहीच नाही म्हटलं, एकाने चक्क जिना दाखवला, एक ‘बघू’ म्हणाले. पाय चार्ट मात्र काढून टाकला.

आता काम तुझं. तुझे मामा नाशिकला व्यापाऱ्यांचे हिशेब बघतात ना? अशी वही ते ठेवतात का, विचार. नावं झाकू देत, मला फक्त तारखा हव्यात. आणि विचारशील ते २० च्या नंतर विचार.

काकूंना नमस्कार.

तुझा,
निखिल