कॅज्युअल्टीतला पुरावा आधी सिस्टरच्या हाती येतो

महोदय,

चाकूचा वार झालेला रुग्ण कॅज्युअल्टीत आला की आधी त्याचा शर्ट कापतात. कात्री बहुतेक वेळा वाराच्या भोकातूनच घालतात, कारण कापड तिथे आयतेच फाटलेले असते. रुग्णाचा जीव वाचवणे पहिले, यात वादच नाही. पण पाते किती रुंद होते, धार एका बाजूला होती की दोन्ही, हे सांगू शकणारा तो छेद मात्र कायमचा जातो. भोकापासून चार बोटे लांबून, शिवणीला धरून कापले तर वेळ तेवढाच लागतो. पुढे तो रक्ताने भिजलेला शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत जातो. ओल कोंडली की बुरशी धरते आणि डीएनए नासतो.

कपडे उतरवणे, अंग पुसणे, विषबाधेच्या रुग्णाचे पोट धुऊन निघालेले पहिले पाणी (स्टमक वॉश) बादलीत ओतायचे की बाटलीत राखायचे, हे सारे सिस्टर आणि मावशींच्या हातून घडते. म्हणूनच फॉरेन्सिक नर्सिंगला, म्हणजे उपचार करतानाच न्यायालयासाठी पुरावा जपणाऱ्या परिचर्येला, अभ्यासक्रमाबाहेर, प्रत्यक्ष वॉर्डात जागा हवी. बीएस्सी नर्सिंगच्या २०२१च्या सुधारित अभ्यासक्रमात हा विषय आला आहे. पण शिकून आलेली मुलगी कॅज्युअल्टीत इतर सिस्टरांसारखीच सलाइन लावत राहणार असेल, तर त्या शिक्षणाचा रुग्णाला काय उपयोग?

अमेरिकेत १९७०च्या दशकापासून प्रशिक्षित परिचारिका लैंगिक अत्याचारपीडितेची तपासणी स्वतः करत आल्या आहेत. आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ प्रमाणे ती नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची आहे, तीही पीडितेच्या संमतीने. ते तसेच राहू द्या. परिचारिकेचे काम त्याच्या आधी आणि नंतर आहे. तपासणीची वाट पाहणाऱ्या बाईला तहान लागते, लघवीला जायचे असते. ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगून तोंडातला स्वॅब (कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना) आधी घेतला, की तिला लगेच पाणी देता येते. हे माहीत नसले की एक तर पुरावा धुतला जातो, नाही तर ती बाई तासन् तास कोरड्या घशाने बसून राहते. दुसरी गोष्ट सरळ आपल्या चुकीची आहे: स्वॅब सील होतात आणि औषधे राहून जातात. गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी चांगली. एचआयव्हीप्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू होऊन २८ दिवस चालली पाहिजेत. रात्री औषधभांडार बंद, म्हणून "सकाळी या" असे तिला सांगणे अक्षम्य आहे. तपासणीला किंवा पोलिस तक्रारीला तिने नकार दिला, तरी उपचार द्यावेच लागतात.

सर्वांत जास्त घोळ वाळवण्यात होतो. स्वॅब आणि कपडे सावलीत, उघड्या हवेत वाळवून, प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पाकिटात घालायची असते. पण हवालदार पाकिटांसाठी खोळंबलेला असतो आणि वाळवायला जागा नसते, म्हणून ओलेच सील होते. पाकिटावर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांशी संबंधित प्रकरण) क्रमांक, शरीराचा भाग, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही हवी. पोलिसांकडे देताना पावतीही हवी. यातले एक राहिले तरी मुद्देमाल मध्ये कुणाकुणाच्या हाती होता, हा प्रश्न बचावपक्ष न्यायालयात विचारणारच.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत दर पाळीला एक प्रशिक्षित परिचारिका नेमावी. तिच्या हाताशी कागदी पिशव्या, गर्भनिरोधक व एचआयव्हीप्रतिबंधक औषधे आणि स्वॅब वाळवायला एक कुलूपबंद कपाट द्यावे.

— एक सेवानिवृत्त परिसेविका, सातारा