यंदाचा मे महिना नागपुरात

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी विषय बदलला असता, म्हणून लिहितोय. तुमच्यासाठी घर घेतलंय भाड्यानं. आमच्याच गल्लीत, तळमजल्यावर. पाऊस लागेपर्यंतचं भाडंही देऊन टाकलं. रविवारी गाडी घेऊन येतो.

वावर सोडा असं कोण म्हणतंय? तूर-हरभरा घरात आलाय, विहिरीनं तळ गाठलाय, आणि गडी आहेच. तुम्ही थकलात असंही नाही. पण बाबा पहाटे एकटेच धुऱ्यावर मोह वेचायला जातात, हे आईकडूनच कळलं. (बाबा, तिच्यावर रागवायचं नाही.) मोहाचा आणि तेंदूपत्त्याचा हंगाम म्हणजे आपल्या विदर्भात वाघाच्या हल्ल्याच्या बातम्यांचेच दिवस. वाकून वेचणारा माणूस त्याला जनावरच वाटतो. कऱ्हांडल्याचं जंगल किती जवळ आहे, ते मी तुम्हाला काय सांगू! नाल्याच्या रेतीतले पंजे तर तुम्हीच मला दाखवलेत. त्यात एका डोळ्याचा मोतीबिंदू.

मला तिथलं काही दिसत नाही असं नका समजू. मागच्या खेपेला टिटवीनं विहिरीपर्यंत डोक्यावर घिरट्या घालून नुसता कालवा केला. चार अंडी, उघड्या ढेकळांत, मातीच्याच रंगाची, वर काळे डाग. पाऊल पडता पडता राहिलं. मग सावलीत बसून बघत राहिलो. भर दुपारी ती डबक्यात पोट भिजवून आली आणि ओल्या पिसांनीच अंड्यांवर बसली. बहाव्याला पिवळे घोस सुटलेत, पळसाला आता नुसत्या चपट्या शेंगा. वाटेवर रिंगणी जांभळी फुललीय. तिचा काटा रुतला की आई मला मांडीवर घ्यायची आणि पदराची पिन काढायची. मी काटा निघायच्या आधीच रडून घ्यायचो.

इथं कूलरला नवा वाळा लावलाय. माठ भरलाय, देवघर पूर्वेला, पायऱ्या एकही नाही. सकाळी सेमिनरी हिल्सला नेईन. मोर तिथंही ओरडतात बाबा. वावरातल्यासारखे नाही, मान्य.

आता ऐका. रविवारपर्यंत मोह बंद म्हणजे बंद. बीपीची गोळी जेवण झाल्यावर, विसरलो म्हणायचं नाही. दुपारी बाहेर पडलातच तर खिशात कांदा आणि डोक्याला दुपट्टा. अंड्यांभोवती चार काठ्या रोवा आणि नांगरटीच्या ट्रॅक्टरवाल्याला तेवढा तुकडा सोडायला सांगा. पिल्लं निघाली की लगेच पळायला लागतात, मग हवं तेवढं नांगरू दे. पाखरांच्या पाण्याचं गड्याला मी बजावलंय, तुम्ही पुन्हा बजावा.

आई, कुरडया वाळायच्या राहिल्यात म्हणून मुक्काम लांबवू नकोस. इथली गच्ची मोठी आहे. ओल्या असल्या तरी परातीसकट गाडीत ठेव.

तुमचा,
बाळ्या