आक्काआत्यांच्या लग्नाची नोंद

विश्रामबाग, सांगली
12 जानेवारी 2025

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आईकडे निरोप दिला तर तो बाबांपर्यंत पोहोचेस्तोवर निराळाच होतो (आई, रागावू नकोस), म्हणून हे सगळे सावकाशपणे आणि ठळक अक्षरात लिहिते आहे. बाबा, गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजन आटोपल्यावर तुम्ही ओट्यावर बसून "आक्का असेल का गं अजून?" एवढेच म्हणालात आणि लगेच उसाच्या बिलाचे बोलू लागलात. तेव्हा मी काहीच उत्तर दिले नव्हते. आक्काआत्यांच्या लग्नाची सरकारी नोंद मी परवा माझ्या डोळ्यांनी पाहिली. ती कशी सापडली आणि तिच्यात काय आहे, ते क्रमाने सांगते, कारण नोंदीत एक गोष्ट अशी आहे की ती तुम्ही बसून, चष्मा लावून वाचावी असे मला वाटते.

आपल्या घरातल्या कोणाकोणाच्या लग्नाचा कागद आहे, हे मी आधी पाहिले. आजी-आजोबांच्या लग्नाचा नाही. तुमच्या दोघांच्या लग्नाचाही नाही. वैशाख शके 1892, म्हणजे 1970चा मे, ही तारीख आपल्याला ठाऊक आहे ती केवळ ट्रंकेतल्या लग्नपत्रिकेमुळे. मुंबई राज्याचा विवाहनोंदणीचा कायदा 1953चा आणि हिंदू विवाह कायदा 1955चा असला, तरी आपल्याकडे खेड्यापाड्यांतून कोणी त्या वाटेला जात नसे, कारण नोंद केली नाही म्हणून लग्न काही रद्द ठरत नव्हते. त्याआधीच्या काळात शोधायला जावे तर कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये, जन्म आणि मृत्यू सापडतात, लग्ने मात्र सापडत नाहीत. पाचशे पान उठलेल्या तुमच्या लग्नाचा सरकारदरबारी मागमूस नाही, आणि ज्या लग्नाला घरातले कोणी गेले नाही असे आपण साठ वर्षे धरून चाललो, त्याच एका लग्नाचा कागद शिल्लक आहे. दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न करताना आत्यांनी 1954च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी विवाह केला. 1955 नंतर देवळात विधिपूर्वक केलेले लग्नही कायद्याने चालले असते, परंतु उद्या कोणी नाकारले तर दाखवायला कागद हवा, असा विचार त्या दोघांनी केला असणार. त्यांचा तो विचार आज आपल्या उपयोगी पडला.

या कायद्यात एक सोय आहे, जी मला ग्रंथालयात तीस वर्षे काढूनही माहीत नव्हती. विवाह प्रमाणपत्रांचे पुस्तक वाजवी वेळी कोणालाही पाहता येते आणि फी भरून त्यातल्या नोंदीचा प्रमाणित उतारा मागता येतो. लग्नाच्या आधी दिलेल्या नोटिशीची वही तर फुकट पाहू द्यावी, असे कलमातच लिहिले आहे. लग्नाच्या नोंदींची सूची ठेवण्याची कल्पनाही जुनी आहे. 1872च्या कायद्याखालचे नोंदणी विवाह, ख्रिस्ती लोकांचे विवाह आणि पारशांचे विवाह यांच्या नकला एका ठिकाणी जमवून त्यांच्या सूच्या कराव्यात आणि मागणाऱ्याला त्या पाहू द्याव्यात, असे 1886च्या कायद्याने ठरवले होते. बाबा, खरेदीखताची सूची-दोन तुम्ही आयुष्यभर काढत आलात. ही तसलीच गोष्ट समजा, फक्त गट नंबराच्या जागी माणसे आहेत.

मी साताऱ्याच्या ज्या कार्यालयात गेले तिथे जुन्या नोंदींची सूची अलीकडे संगणकावर चढवलेली होती, त्यामुळे अर्ध्या तासात काम होईल अशा भ्रमात मी होते. सूची वराच्या आडनावाने लावलेली होती आणि वधूच्या नावाला स्वतंत्र रकानाच नव्हता. म्हणजे आपल्या आडनावावरून शोधले तर आपल्या घरात सुना आणणारे पुरुष सापडतात, आपल्या घरातून गेलेल्या मुली सापडत नाहीत. लग्नानंतर मुलीचे आडनाव जाते, पुष्कळदा पाळण्यातले नावही जाते. आईचे नाव बदलल्याचे प्रतिज्ञापत्र बाबांच्या पेन्शनच्या वेळी करावे लागले होते, ते तुम्हांला आठवत असेल. ज्या एकाच कागदावर मुलीचे आधीचे नाव आणि पुढचे घर शेजारी शेजारी येते, त्या कागदाची सूची तिला वगळून करावी, हे मला ग्रंथपाल म्हणून फार खटकले आणि मुलगी म्हणून त्याहून जास्त खटकले.

सुदैवाने आत्यांच्या नवऱ्याचे आडनाव धुमाळ आणि नोकरी एस.टी.त, एवढे आईला आठवत होते. मी "ध" काढून पाहिला, तर त्यात धुमाळ एकही नाही. साल चुकले असेल म्हणून 1962 ते 1967 अशी सहा वर्षे पाहिली. तिसऱ्या खेपेला, तिथला शिपाईदेखील मला ओळखू लागल्यावर, सगळी सूची पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि "घ"मध्ये, घाडगे आणि घोरपडे यांच्या रांगेत, "घुमाळ" नावाचा माणूस भेटला. मूळ वहीतल्या कारकुनाने "ध" लिहिताना वरची रेघ डावीकडे जरा लांबवली होती, टंकलिखित करणाऱ्याने त्याचा "घ" केला, आणि एका रेघेपायी आत्या बाराखडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. त्या मुलाला मी दोष देत नाही, हजारो ओळी चढवताना असे होणारच. पण सूचीत नाव नाही म्हणजे नोंदच नाही, असे समजून मी दुसऱ्याच खेपेला परत फिरणार होते, हे आठवले की अजून धस्स होते.

हीच सूची इंग्लंडात कशी करतात पाहा. तिथे लग्नांची सरकारी नोंदणी 1 जुलै 1837 पासून सुरू झाली. तिथल्या सूचीत वर आणि वधू ही दोन्ही नावे आपापल्या आडनावाखाली वेगवेगळी लावलेली असतात, दोघांपुढे एकच खंड आणि एकच पान असते, आणि 1912 पासून तर जोडीदाराचे आडनावही समोर छापलेले मिळते. शिवाय ही मध्यवर्ती सूची नकलेवरून केलेली असल्यामुळे तिच्यात न सापडलेले लग्न गावच्या नोंदणी कचेरीतल्या मूळ वहीवरून केलेल्या सूचीत सापडते, असा जाणत्यांचा अनुभव आहे. नकल करणारा जितका कमी, तितकी चूक कमी. अर्थात त्यांच्याही प्रमाणपत्रावर वधूवरांच्या आयांची नावे यायला मे 2021 उजाडावा लागला, तेव्हा फार कौतुक करायला नको.

आता मूळ नोंदीविषयी. दोन्ही वह्या लाल फडक्यात एकत्र बांधलेल्या होत्या. नोटिशीच्या वहीत वराचा व्यवसाय "वाहक, राज्य परिवहन", वय 26, आणि कायमचा पत्ता पाटण तालुक्यातल्या एका गावाचा आहे. वधूचे वय 23, व्यवसायाच्या रकान्यात "शिक्षिका". बाबा, आत्या नोकरी करत होत्या, हे मला कधीच कोणी सांगितले नव्हते. ही नोटीस कायद्याप्रमाणे तीस दिवस कचेरीत दर्शनी जागी लावलेली असणार, म्हणजे आजोबांना लग्नानंतर कळले ही जी गोष्ट घरात सांगितली जाते, तिच्यावर माझा आता तितकासा विश्वास राहिलेला नाही. प्रमाणपत्रावर तारीख 9 मार्च 1964. आत्यांची सही स्वच्छ, शाळेच्या फळ्यावर लिहावे तशी, आणि आडनाव आपलेच, कारण ती सही करण्याच्या क्षणापर्यंत त्या आपल्याच घरच्या होत्या.

खाली तीन साक्षीदारांच्या सह्या आहेत. पहिल्या दोन धुमाळांच्या ओळखीच्या माणसांच्या दिसतात. तिसरी सही मोडीत आहे. टंकलिखित प्रतीत तिच्यासमोर "अवाचनीय" असे लिहून कारकून मोकळा झाला होता. मी मागे दोन उन्हाळे मोडीचा वर्ग केला, तेव्हा आई म्हणाली होती की या वयात हे कशाला. आई, ते या एका ओळीसाठी होते. आधी पानाच्या कडेपासून कडेपर्यंत ओढलेली शिरोरेघ, मग हात न उचलता लिहिलेली अक्षरे, आणि खाली "रा." म्हणून गावाचे नाव, "ता. तासगाव, जि. सांगली". नाव मी तीनदा लावून पाहिले. ते तुमच्या थोरल्या मामांचे आहे.

बाबा, म्हणजे आजीचा भाऊ तासगावहून साताऱ्याला आला, भाचीच्या बाजूने सही करून गेला, आणि आजीने ही गोष्ट मरेपर्यंत कोणाला सांगितली नाही. आजीला हे ठाऊक नव्हते असे मी मानायला तयार नाही. भावाला तिनेच पाठवले असेल, असे मला वाटते. पुरावा माझ्याकडे नाही. पण आजोबांच्या देखत जिचे नाव काढायची कोणाची टाप नव्हती, तिच्या लग्नाला मामा आपण होऊन आले असतील, हे त्यांच्या स्वभावात बसत नाही. तुम्ही त्यांना जवळून पाहिले आहे, तुम्हीच सांगा.

या सहीचा आणखी एक उपयोग झाला. आजीच्या माहेरचे गाव आपल्याकडे नुसते "तासगावकडचे" म्हणून सांगितले जाई, ते आता नावानिशी कळले. आजीच्या जन्माची नोंद तिथल्या कोतवाल बुकात पाहायची आहे. ते दप्तर सातारा जिल्ह्याच्या नावाने असले तर गोंधळून जायचे नाही, कारण आजी जन्मली तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यातच होते. 1 ऑगस्ट 1949 रोजी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 21 नोव्हेंबर 1960 रोजी त्याचे नाव सांगली ठेवले गेले. आजी "आमच्या साताऱ्यात" असे माहेराबद्दल म्हणायची, त्यावर आपण हसायचो. ती बरोबरच बोलत होती. तासगाव मला इथून जवळ पडते, ते मी पुढच्या महिन्यात करीन.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. माजघरातल्या ट्रंकेत, पितळी समयांच्या खाली, तुमच्या लग्नातली आहेराची वही आहे. तिच्यात देणाऱ्याचे नाव, गाव आणि काय दिले ते ओळीने लिहिलेले आहे, म्हणजे आपल्या सोयऱ्याधायऱ्यांची 1970 सालची ती यादीच झाली. मी तिची दोन्हीकडून सूची करणार आहे, देणाऱ्याच्या आडनावाने एक आणि त्याच्या घरात गेलेल्या आपल्या लेकीच्या नावाने दुसरी. त्या वहीत पाटण तालुक्यातून आलेला एखादा आहेर, कदाचित नाव न घालता दिलेला, आहे का, ते आईने आधी पाहावे. नुसते पोलके किंवा पाच रुपये असले तरी मला कळवावे. पोस्टाने पाठवू नका, शेजारचा मुलगा शनिवारी एस.टी.ने सांगलीला येतो, त्याच्या हाती द्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला.

दुसरी गोष्ट बाबांनी ठरवायची आहे. धुमाळांचे गाव आता हाती आहे. आत्या हयात असतील तर 84 वर्षांच्या असतील, नसतील तर त्यांची मुले असतील, आणि आपण कोण, हे त्यांना काय सांगितले गेले आहे याचा मला अंदाज नाही. मी आपण होऊन तिथे जाणार नाही आणि कोणाकरवी चौकशीही करणार नाही. तुम्ही जा म्हणालात तर जाईन, तुम्ही बरोबर येतो म्हणालात तर रविवारी सकाळी गाडी घेऊन साताऱ्याला येईन. प्रमाणित उताऱ्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मामांची सही मी पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे, आईला ती भिंगातून दाखवा.

बाबांच्या कानाच्या यंत्राची बॅटरी बदलून घ्यावी. आईने गुडघ्याचे तेल आणायला जिना उतरू नये, कोणाला तरी सांगावे.

तुमची,
सुमन