स्टेटसवरून गेट बंद

मा. संपादक,
स.न.वि.वि.

समाजमाध्यमावर आक्षेपार्ह मजकूर टाकणाऱ्या माणसाला मालकाने कामावरून काढावं की नाही, यावर बरीच चर्चा वाचतो आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत चार्ली कर्क या उजव्या विचारांच्या कार्यकर्त्याची हत्या झाली, त्यावर काहीबाही लिहिलं म्हणून तिथल्या कितीतरी शिक्षकांच्या आणि इतरांच्या नोकऱ्या गेल्या, त्याचे दाखले आपल्याकडेही दिले जातात. तिथे खासगी मालक बहुतेक ठिकाणी कारण न सांगता माणूस काढू शकतो. आपल्याकडे कायदा तसा नाही. तरीही छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत रोज काय चालतं ते वेगळंच आहे. मी कामगार प्रतिनिधी म्हणून बरीच वर्षं डोमेस्टिक इन्क्वायरीत, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत चौकशीत, कामगाराच्या बाजूने बसलो. त्यावरून सांगतो, शिक्षा किती होणार हे पोस्ट किती वाईट आहे यावर ठरत नाही. पोस्ट टाकणारा कोणाच्या मस्टरवर (हजेरीपटावर) आहे, कंपनीच्या की ठेकेदाराच्या, यावर ठरतं.

२०२४ ची लोकसभा झाल्यावर मराठवाड्यात मराठा-ओबीसी वातावरण किती तापलं होतं, ते तुमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. अमक्याच्या दुकानात जाऊ नका, तमक्याच्या हॉटेलात चहा पिऊ नका, असे मेसेज मोबाइलवर फिरत होते. त्या दिवसांत वाळूजजवळ रांजणगाव शेणपुंजीला खोली करून राहणाऱ्या एका कंत्राटी पोराने रात्री एका नेत्याबद्दल आणि त्याच्या समाजाबद्दल स्टेटस ठेवलं. घाणेरडं होतं, इथे लिहिण्यासारखं नाही. स्टेटस चोवीस तासांत आपोआप जातं, स्क्रीनशॉट मात्र राहतो. सकाळी फर्स्ट शिफ्टला गेटवर कार्ड लागेना. सिक्युरिटीवाला म्हणाला, ठेकेदाराला विचार. ठेकेदार फोन उचलेना. दुपारी उचलला तर एवढंच बोलला, "कंपनीला कटकट नको हाय, तू दुसरीकडं बघ." नोटीस नाही, कागद नाही, हिशेबही महिनाभराने.

"काका, निदान मला इचारायचं तरी," असं ते पोरगं मला म्हणालं. विचारलं असतं तर त्याने फार शहाणपणाचं उत्तर दिलं असतं असं नाही. बहुधा उलटंच बोललं असतं. पण विचारलं नाही ते नाहीच. मग तो स्क्रीनशॉट ठेकेदारांच्या ग्रुपवर पडला आणि आसपासच्या एकाही कंपनीत त्याला कोणी घेईना. शेवटी गावच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेला. ही शिक्षा किती दिवसांची, कोणी ठरवली, तिच्यावर अपील कुठे करायचं? काही पत्ता नाही.

त्याच सुमारास एका कायम ऑपरेटरवरही असंच बालंट आलं. कंपनीच्या ग्रुपवर त्याने दुसऱ्या समाजाला शिवी दिली, अशी तक्रार होती. त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली, आरोपपत्र मिळालं, निलंबनात अर्धा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळाला, बाजू मांडायला सोबत माणूस मिळाला. चौकशीत मूळ मोबाइल मागवला तेव्हा दिसलं की स्क्रीनशॉट वरून कापलेला होता. ज्या मेसेजला याने उत्तर दिलं, त्यातली शिवी जास्त जहरी होती, आणि ती तक्रारदाराच्याच मित्राची होती. याचीही चूक होतीच. इन्क्रिमेंट रोखलं, दोघांकडून लेखी माफी घेतली, प्रकरण मिटलं. आज दोघं एकाच लाइनवर आहेत. गळ्यात गळे घालत नाहीत, पण काम करतात.

कंपन्यांची अडचण मला कळत नाही असं नाही. सकाळी साहेब केबिनमध्ये बसतात न बसतात तोच पन्नास पोरं घेऊन कोणीतरी गेटवर येतो, "याला काढा, नाहीतर आम्ही बघून घेऊ" म्हणतो. संध्याकाळी माल लोड व्हायचा असतो. अशा वेळी एक कंत्राटी हेल्पर बाहेर काढणं सगळ्यांत स्वस्त पडतं. पण मग त्या पोराला कामावरून काढलं कोणी, कंपनीने की गेटवरच्या जमावाने? आणि एकदा जमावाचं ऐकलं की पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूचा जमाव येतो, हा अनुभव इथल्या मॅनेजर लोकांनाही आहे. खासगीत ते कबूल करतात.

कायद्याचं थोडं सांगतो. स्थायी आदेश म्हणजे कारखान्यातल्या नोकरीचे आणि शिस्तीचे लेखी नियम. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखाली जे आदर्श आदेश होते, त्यांत शिस्तभंगाचं वर्तन 'आस्थापनेच्या आवारात' झालेलं असावं, असे शब्द होते. ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऐंशीच्या दशकात असेच शब्द काटेकोर वाचले: बाहेरच्या वागणुकीचा कामाशी संबंध दिसला पाहिजे, कामगार बाहेर कुठेही काहीही करो, त्यासाठी मालकाने दंड उगारायचा नाही. मोबाइलने आवाराची भिंत पाडली हे खरं. घरी पलंगावर बसून टाकलेला मेसेज शेजारच्या मशीनवरच्या माणसाला लागतो. म्हणून कामाशी संबंध आहे की नाही, हे चौकशीत बसून तपासायचं असतं. पण चौकशीचं हे छप्परच आता आखूड झालंय. महाराष्ट्रात ५० कामगारांच्या कारखान्यालाही स्थायी आदेश लागू होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली आणि ही मर्यादा ३०० झाली. वाळूजच्या व्हेंडर (मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या) कंपन्यांत किती ठिकाणी ३०० माणसं आहेत, ते कोणत्याही गल्लीत फिरून पाहावं.

नेमणुकीच्या कागदावर हल्ली 'कंपनीच्या प्रतिमेस बाधा येईल असे वर्तन' असं एक कलम असतं. कागद इंग्रजीत, पोराला फक्त सही कुठे करायची ते दाखवतात. २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द केलं, त्यात 'आक्षेपार्ह' वगैरे शब्द इतके मोघम आहेत की त्यांत काहीही बसवता येईल, हे एक मोठं कारण होतं. जे मोघम शब्द पोलिसांच्या हातात धोक्याचे ठरले, ते ठेकेदाराच्या हातात कसे चालतात? आणि बऱ्याचदा खरं कारण कागदावर येतच नाही. २०१८ मध्ये कठुआत बलात्कार करून मारलेल्या त्या चिमुकल्या मुलीबद्दल केरळातल्या एका बँक कर्मचाऱ्याने अत्यंत विकृत लिहिलं. बँकेने त्याला काढलं, पण जाहीर कारण दिलं ते कामगिरी असमाधानकारक असल्याचं. त्या माणसाची मला कणभर दया नाही. मात्र कारण लिहायची लाज वाटत असेल तर ते कारण पुढे कुठल्याही माणसाला लावता येतं.

काढूच नये असं मी म्हणत नाही. सुपरवायझरने आपल्या हाताखालच्या पोरांना जातीवरून शिवीगाळ केली तर तो त्या खुर्चीवर नको, आणि तिथे ॲट्रॉसिटीचा कायदाही आहेच. नर्सने अमक्या धर्माच्या पेशंटला हात लावणार नाही असं लिहिलं, शिक्षकाने वर्गातल्या लेकरांच्या जातीवर लिहिलं, तर ती पोस्ट त्यांच्या कामाचीच झाली. कोणाला मारण्याची, उचलण्याची धमकी असेल तर पोलिसांकडे जावं. बाकीच्यांसाठी ताकीद, माफी, शिफ्ट बदल, निलंबन, इन्क्रिमेंट रोखणं, एवढ्या पायऱ्या मध्ये आहेत. थेट शेवटच्या पायरीवर उडी कशाला?

सरकारी खात्यात तर आक्षेपार्ह आणि गैरसोयीचं यांची सरमिसळच केली आहे. जुलै २०२५ च्या शासन निर्णयाने कर्मचाऱ्यांनी शासनाच्या धोरणांवर समाजमाध्यमावर प्रतिकूल टीका करायची नाही. उद्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी गळक्या छताचा फोटो टाकला तर त्याला काय म्हणायचं? २०२५ च्याच मे महिन्यात पुण्यातल्या एका विद्यार्थिनीला ऑपरेशन सिंदूरवरच्या पोस्टवरून कॉलेजने काढून टाकलं होतं. तिने पोस्ट काढली होती, माफीही मागितली होती. तिचं म्हणणं न ऐकता काढलं, यावर मुंबई उच्च न्यायालयाने बोट ठेवलं आणि तो आदेश स्थगित केला. तिच्यासाठी उच्च न्यायालय होतं. रांजणगावच्या पोरासाठी लेबर ऑफिसचा जिनाही उंच.

आमच्याकडे पोस्ट काय आहे त्याआधी आडनाव बघतात, हेही सांगून टाकतो. बीडच्या पोलिसांनी २०२५ मध्ये नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढली, जात दिसू नये म्हणून, ती उगाच नाही. एकाच मजकुरावर एक जण घरी जातो आणि दुसऱ्याला "अरे, डिलीट कर ते" एवढ्यावर सोडतात, असं मी पाहिलंय. कोणाला सोडायचं, हे त्या वेळी एच.आर.मध्ये कोण बसलंय त्यावर असतं.

म्हणून सीएमआयए आणि मसिआ या इथल्या उद्योजकांच्या संघटनांना विनंती आहे. कायद्याची मर्यादा ५० असो की ३००, आपल्या सदस्य कंपन्यांसाठी एवढं ठरवून घ्यावं: मजकुरावरून कोणाचं गेट बंद करायचं असेल, मग तो ठेकेदाराचा असला तरी, त्याला कारण लेखी द्यावं, उत्तराला तीन-चार दिवस द्यावेत, सोबत एक सहकारी बसू द्यावा आणि निर्णय मूळ कंपनीच्या सहीने व्हावा, ठेकेदाराच्या फोनवर नव्हे. ठेकेदारांच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरवणं बंद करावं. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत.

आपला,
एक निवृत्त कामगार प्रतिनिधी,
बजाजनगर, वाळूज

(नाव छापू नये ही विनंती. मुलगा अजून कंत्राटावर आहे.)