न फिरवल्यामुळे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारावरचा आपला सचित्र लेख वाचला. पहिल्या फोटोतल्या पांढऱ्या घोड्याखाली 'गुटगुटीत आणि रुबाबदार' अशी ओळ आहे. घरात सगळ्यांना तो फोटो आवडला. माझी नजर मात्र त्याच्या आयाळीखालच्या उंचवट्यावरच अडली. ती चरबी आहे. मानेच्या कमानीवर, खांद्यामागे आणि शेपटीच्या मुळाशी अशी चरबी साठली की समजावं, जनावर आजाराच्या दारात उभं आहे. हे मला माझ्या घोडीने शिकवलं. तिला त्याची किंमत मोजावी लागली, म्हणून हे पत्र.

आमच्या शहादा तालुक्यात घोडं बाळगणं ही बहुतेकांची हौस. लग्नसराईत चार वराती, दत्तजयंतीला सारंगखेड्याची तापीकाठची यात्रा आणि बाकी वर्षभर खुंटा. बाजारात गिऱ्हाईक आधी घोड्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारतं, मग भाव विचारतं. त्यामुळे यात्रेच्या महिना-दोन महिने आधीपासून हरभऱ्याची चंदी वाढते, वर गूळ, दूध, तूप. फिरवणं मात्र वाढत नाही.

माझी घोडी काठेवाडी वळणाची, अकरा वर्षांची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझं तिच्यावर बसणं बंद झालं, तिची चंदी मात्र पूर्वीइतकीच राहिली. त्यात सौ. उरलेल्या पोळ्या घालायची, नातू गुळाचा खडा. 'भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं?' हे कोडं मी त्याच नातवाला अंगणात बसून घालत होतो. उत्तर दहा पावलांवर बांधलेलं होतं.

श्रावणातल्या एका सकाळी ती तापलेल्या तव्यावर उभी असल्यासारखी दिसली. पुढचे पाय लांब टाकलेले, सगळा भार मागच्या पायांवर, वळायला तयार नाही. खुरांना हात लावला तर गरम. खुराच्या वरच्या बाजूला नाडी बोटाला धडधड लागत होती. मला वाटलं पाय आखडलेत, म्हणून ओढून शेताला एक फेरी मारली. ही पहिली चूक. मग कुणीतरी म्हणालं, दोन दिवस काही घालू नका, आपोआप उतरेल. दीड दिवस मी ऐकलं. ही दुसरी, आणि पहिलीपेक्षा घातक.

पशुवैद्यकांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. लठ्ठ घोड्याच्या रक्तात इन्सुलिन वाढत जातं आणि खुराच्या आतला, हाडाला भिंतीशी धरून ठेवणारा थर दुखावतो. याला लॅमिनायटिस म्हणतात. अशा वेळी जनावर चालवलं तर हाड खुरातल्या खुरात फिरू शकतं. आणि जाड घोडं, त्यातही तट्टू, गाढव किंवा गाभण घोडी उपाशी ठेवली, तर अंगातली चरबी एकदम रक्तात उतरते आणि यकृत निकामी होऊ शकतं. शिवाय घोड्याच्या पोटात आम्ल अखंड पाझरत असतं, त्यामुळे रिकामं पोट म्हणजे व्रणांना आमंत्रण. थोडक्यात, खाणं तोडायचं नाही, बदलायचं.

आम्ही तेच केलं. हरभरा, गूळ, पोळी, लसूणघास, सगळं बंद. वजनकाटा गावात कुठून आणणार? पण शिंप्याची टेप चालते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १७८, लांबी १५०, म्हणजे वजन ४०० किलोच्या घरात. शरीराच्या वजनाच्या दीड टक्का या हिशेबाने दिवसाला साधारण सहा-साडेसहा किलो वाळलं गवत ठरलं, तेही काट्यावर तोलून. ओंजळीचा अंदाज फार उदार असतो, हे तोलायला लागल्यावर कळलं. गवत तासभर पाण्यात भिजवून पाणी फेकून द्यायचं, म्हणजे त्यातली साखर कमी होते. आपल्या उन्हात ते लगेच आंबतं, म्हणून जेवढं घालायचं तेवढंच भिजवायचं. बारीक भोकांच्या जाळीत, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. सोबत मीठ आणि खनिज मिश्रण, कारण पाण्याबरोबर क्षारही जातात. रात्री ती रिकाम्या जाळीला तोंड लावून फुरफुरायची आणि सौ. माझ्याशी बोलायची नाही.

दोन महिने ती वाळूच्या मऊ जागेवर उभी होती. नालबंद आणि पशुवैद्यक दोघांनी होकार दिल्यावर मगच दोरी धरून दहा मिनिटं, नांगरलेल्या नव्हे पण मऊ जमिनीवर, उन्हाआधी. पंधरवड्याने वीस, मग चाळीस. दुडकी फिरवणं सुरू केल्यावर तिसऱ्या महिन्यात, तीही मिनिट-दोन मिनिटं आणि मधे चाल. कामानंतर दहा मिनिटांत श्वास पूर्ववत झाला नाही, तर दुसऱ्या दिवशी कमी. काही जण घोंगडं टाकून पळवतात, घाम निघाला की वजन उतरलं म्हणतात. उतरतं ते पाणी आणि मीठ. चरबी आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का या चालीने गेली तरच बरं. आमची पाच महिन्यांत घेर १७० वर आली, म्हणजे सुमारे ३६५ किलो. जुनं खोगीर आता पाठीवर सरकतं, ते बदलावं लागेल.

१९८३ साली अमेरिकेत हेनेके यांनी घोड्याच्या अंगाला एक ते नऊ गुण देण्याची पद्धत मांडली; घोडं जितकं लठ्ठ तितके गुण जास्त. पाचाच्या आसपास ठीक. त्यात डोळ्यापेक्षा हात महत्त्वाचा: बरगडी दिसू नये, पण तळवा फिरवला की सहज लागावी. आपल्या घोडेबाजारातल्या स्पर्धांत परीक्षक नाच बघतात, चाल बघतात, रंग-भोवरे बघतात. त्यांनी एकदा हातही फिरवावा आणि आठ-नऊ गुणांच्या घोड्याला बक्षीस देऊ नये, एवढी माझी आयोजकांना विनंती आहे. बक्षीस बदललं की चंदीचं मापही बदलेल.

यंदा मी घोडीला यात्रेत आणणार आहे, विकायला नाही. तुमच्या छायाचित्रकाराला जरूर पाठवा. फोटोत ती तुम्हाला कदाचित वाळलेली वाटेल.

कळावे,
आपला एक वाचक,
शहादा, जि. नंदुरबार